शाळेतून छापखान्याकडे : आयडा बी. वेल्स यांचा लेखनप्रवास

१

शिक्षकी पेशातून लेखनाकडे वळलेल्या व्यक्तींची चरित्रे लिहिताना एक ठरावीक मांडणी केली जाते. उदरनिर्वाहासाठी पत्करलेली नोकरी, तिच्यातील घुसमट, अंतःप्रेरणेचा साक्षात्कार आणि शेवटी लेखनातून लाभलेली मुक्ती, असा तो आलेख असतो. या आलेखात शिक्षकी हा मागे टाकायचा टप्पा ठरतो आणि लेखन हे गाठायचे ठिकाण. आयडा बी. वेल्स (१८६२–१९३१) या अमेरिकन कृष्णवर्णीय लेखिकेचे चरित्रही वरकरणी याच आलेखात बसते. शिक्षकीचा त्यांना कंटाळा होता, वर्तमानपत्रीय लेखनात आपण खऱ्या अर्थाने व्यक्त होतो अशी त्यांची भावना होती आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्या शाळेबाहेर पडल्या. परंतु त्या स्वेच्छेने बाहेर पडल्या नव्हत्या. शाळांच्या दुरवस्थेविषयी लिहिल्यामुळे त्यांना काढण्यात आले. शिवाय पुढील चाळीस वर्षे त्यांनी जे गद्य लिहिले, त्याची घडण शिक्षिकेच्या अनुभवातच झालेली दिसते. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा आढावा या दृष्टीने घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठी अभ्यासकाला हा विषय सर्वस्वी परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, तेव्हा मिसिसिपी राज्यातील एका लहान गावात अकरा वर्षांची आयडा शाळेत जात होती. फुले यांच्या दृष्टीने जी मुक्ती इतिहासातील एक उज्ज्वल घटना होती, ती प्रत्यक्षात किती अपुरी राहिली याचा हिशेब पुढे याच मुलीने मांडला. पंडिता रमाबाई यांचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरील मराठी पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी आयडा वेल्स एका वर्तमानपत्राच्या संपादक व भागीदार झाल्या. हे योगायोग आहेत, त्यांवरून कोणतेही प्रभावसूत्र सिद्ध होत नाही. तथापि लिहू लागलेल्या वंचितांचा आणि लिहू लागलेल्या स्त्रियांचा हा एकच कालखंड आहे, एवढे ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

२

आयडाचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी होली स्प्रिंग्ज या गावी झाला. अमेरिकेत त्या वेळी यादवी युद्ध चालू होते आणि तिचे आईवडील कायद्याने गुलाम होते. १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांचा मुक्तिजाहीरनामा लागू झाला, परंतु दक्षिणेतील गुलामांना प्रत्यक्ष स्वातंत्र्य मिळाले ते युद्ध संपल्यावर, १८६५ मध्ये. वडील जेम्स वेल्स हे सुतार होते. आई एलिझाबेथ स्वयंपाकाचे काम करी. जेम्स हा एका गुलाम स्त्रीला तिच्या मालकापासून झालेला मुलगा होता. हे वास्तव आयडाला घरातच ठाऊक होते. पुढे दक्षिणेतील गोऱ्या समाजाच्या नीतिमत्तेविषयी त्यांनी जे प्रश्न विचारले, त्यांचे मूळ येथे शोधता येते.

स्वातंत्र्यानंतर जेम्स आपल्या पूर्वीच्या मालकाकडेच मजुरीवर काम करीत होते. निवडणुकीत त्याच्या मर्जीविरुद्ध मतदान केल्यावर त्यांना कामाच्या जागेला कुलूप लावलेले आढळले. त्यांनी वाद न घालता नवी हत्यारे विकत घेतली आणि स्वतःचा व्यवसाय थाटला. मुक्त झालेल्या लोकांसाठी गावात जी शिक्षणसंस्था निघाली तिचे ते विश्वस्तही होते. हीच संस्था पुढे रस्ट कॉलेज या नावाने ओळखली जाऊ लागली. आई मुलांबरोबर त्याच शाळेत जाऊन बसे आणि बायबल वाचता येईपर्यंत तिने शाळा सोडली नाही. लहानगी आयडा वडिलांना व त्यांच्या मित्रांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. रात्री वडील राजकीय सभेला गेले की आई अस्वस्थपणे घरात येरझाऱ्या घाली, हेही ती पाहत होती. छापील मजकूर आणि भय यांची ओळख तिला जवळजवळ एकाच वेळी झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

१८७८ मध्ये मिसिसिपीच्या खोऱ्यात पीतज्वराची साथ आली. आयडा त्या वेळी आजीकडे होती. साथीत आई, वडील आणि सर्वांत धाकटा भाऊ दगावला. मागे राहिली सहा भावंडे; त्यांत सोळा वर्षांची आयडा थोरली आणि तिच्या पाठची बहीण अपंग. वडिलांच्या बंधुमंडळाच्या सदस्यांनी जमून मुलांची वाटणी ठरविली. मुलगे सुतारकामाच्या उमेदवारीला जावेत, धाकट्या मुली दोन कुटुंबांनी घ्याव्यात, अपंग बहिणीला अनाथालयात पाठवावे आणि आयडाने आपले आपण पाहावे, असे ठरले. आयडाने ही योजना साफ नाकारली. घर वडिलांचे होते आणि त्यांनी थोडे पैसेही मागे ठेवले होते. आपल्याला काम मिळवून द्यावे, आपण सर्वांना सांभाळू, असे तिने त्या मंडळींना सांगितले. वय मोठे दिसावे म्हणून झग्याची खालची दुमड उसवून तिने तो लांब केला, शिक्षकाची परीक्षा दिली आणि गावापासून सहा मैलांवरच्या खेड्यातील शाळेत महिना २५ डॉलरवर ती रुजू झाली. आठवडाभर शाळा, शुक्रवारी खेचरावर बसून घरी, शनिवार-रविवार धुणे, इस्त्री व स्वयंपाक, आणि पुन्हा खेचरावरून परत, असा तिचा क्रम सुरू झाला.

याच काळात तिच्यावर आणखी एक प्रसंग गुदरला. वडिलांनी एका गोऱ्या डॉक्टरकडे ठेवलेले पैसे तिने चौकात त्याच्याकडून घेतल्याचे कोणीतरी पाहिले आणि या एकट्या राहू पाहणाऱ्या मुलीच्या चारित्र्याविषयी गावात कुजबुज सुरू झाली. कृष्णवर्णीय स्त्रीची बदनामी किती स्वस्त असते याचा हा पहिला धडा होता. पुढील आयुष्यात तो अनेकदा गिरवावा लागला.

३

१८८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत आयडा दोन धाकट्या बहिणींसह टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे आली. प्रथम शहराबाहेरच्या वुडस्टॉक येथे आणि १८८४ पासून शहराच्या सार्वजनिक शाळांत त्यांनी शिकविले. या नोकरीत असतानाच त्यांचे नाव प्रथम लोकांसमोर आले. सप्टेंबर १८८३ मध्ये शाळेच्या गावी जाताना त्या आगगाडीच्या स्त्रियांसाठी असलेल्या डब्यात बसल्या होत्या. कंडक्टरने त्यांना पुढच्या, धूम्रपानाच्या डब्यात जाण्यास फर्माविले. त्यांनी नकार दिला. तो ओढू लागला तेव्हा त्या त्याच्या हाताला चावल्या. अखेर आणखी माणसे बोलावून त्यांना तेथून हटविण्यात आले. त्यांनी रेल्वे कंपनीविरुद्ध दावा लावला आणि १८८४ च्या अखेरीस खालच्या न्यायालयाने त्यांना ५०० डॉलरची भरपाई मंजूर केली. १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र हा निकाल फिरविला आणि खटल्याचा खर्चही त्यांच्यावरच लादला. न्यायालयीन मार्गावरील त्यांच्या विश्वासाला बसलेला हा मोठा धक्का होता.

मेम्फिसमध्ये कृष्णवर्णीय शिक्षकांचे एक साहित्यमंडळ होते. शुक्रवारी संध्याकाळी तेथे वाचन, वक्तृत्व व वादविवाद होत आणि शेवटी मंडळाच्या हस्तपत्राचे वाचन होई. संपादक गाव सोडून गेल्यावर ते काम आयडांकडे आले. हस्तपत्र त्या इतक्या प्रभावीपणे वाचीत की पुढे ते ऐकण्यासाठीच लोक येऊ लागले. तेथूनच एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने त्यांना आपल्या 'लिव्हिंग वे' या साप्ताहिकात लिहिण्यास सांगितले. 'आयोला' हे टोपणनाव त्यांनी घेतले. या लेखनामागचा त्यांचा विचार लक्षणीय आहे. खेड्यांतील शाळांत शिकविताना त्यांनी पाहिले होते की तेथील लोकांना मार्गदर्शनाची गरज आहे आणि ते देणारे कोणी नाही. आपला वाचक अल्पशिक्षित आहे हे ओळखून त्यांनी नित्याच्या व्यवहारातले विषय निवडले आणि लहान शब्द पुरेसा असेल तेथे मोठा वापरायचा नाही, असा नियम स्वतःस घालून घेतला. त्यांच्या शैलीचे हे पहिले सूत्र वर्गातून आलेले आहे. शैली म्हणजे अलंकरण नव्हे, वाचकाच्या इयत्तेचे भान होय, ही जाण येथे दिसते.

१८८५ च्या अखेरीपासून १८८७ पर्यंतची त्यांची रोजनिशी उपलब्ध आहे. तीत वेळेवर न मिळणारा पगार, घरभाडे, उधारीवर घेतलेले कपडे, बहिणींची जबाबदारी, लग्नेच्छू पुरुषांची पत्रे आणि वर्गातील शिणवटा यांच्या नोंदी आहेत. वक्तृत्वाचे व नाट्यवाचनाचे धडे त्या पैसे मोजून घेत होत्या. लेडी मॅक्बेथच्या निद्राभ्रमणाचा प्रवेशही त्यांनी सादर केला होता. कादंबरी लिहिण्याचा विचारही त्या रोजनिशीत डोकावतो. ती कादंबरी लिहिली गेली नाही. शिक्षकी आवडत नाही, परंतु दुसरे सन्मान्य काम स्त्रीला उपलब्ध नाही, हा पेच त्यांना सतत जाणवत होता. वरच्या वर्गांसाठी लागणारे रीतसर प्रशिक्षण त्यांच्याजवळ नव्हते, त्यामुळे इतक्या वर्षांत चौथ्या इयत्तेपलीकडचे वर्ग त्यांना कधी मिळाले नाहीत. दरम्यान 'अमेरिकन बाप्टिस्ट' या पत्राच्या संपादकांनी दर साप्ताहिक पत्रामागे एक डॉलर देऊ केला. लेखनाचा मिळालेला हा पहिला मोबदला होता. लेखन हेही काम आहे आणि त्याला दाम आहे, ही जाणीव येथून सुरू होते.

१८८९ मध्ये मेम्फिसच्या 'फ्री स्पीच अँड हेडलाइट' या पत्राने त्यांना बोलाविले. बरोबरीचा हिस्सा मिळणार असेल तरच येईन, अशी अट घालून त्यांनी एक तृतीयांश भाग विकत घेतला आणि संपादकपद स्वीकारले. शाळा चालू ठेवूनच हे काम त्या करीत होत्या. १८९१ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांविषयी एक लेख लिहिला. इमारती मोडकळीस आलेल्या आहेत, काही शिक्षिकांची निवड योग्यतेवर झालेली नाही आणि तिच्यामागे शिक्षणमंडळाशी संबंधित पुरुषांच्या मर्जीचा भाग आहे, असे त्या लेखाचे म्हणणे होते. आपली नोकरी धोक्यात येईल हे ओळखून त्यांनी सहसंपादकाला तो त्याच्या नावावर घेण्यास सुचविले होते. त्याने नकार दिल्यावरही त्यांनी लेख मागे घेतला नाही. पुढील सत्रासाठी त्यांची फेरनेमणूक झाली नाही. कामाविषयी तक्रार नव्हती. तक्रार लेखाविषयी होती. ज्यांच्या मुलांसाठी हे लिहिले त्या पालकांनीही पाठिंबा दिला नाही, याचे दुःख त्यांना नोकरी गेल्याच्या दुःखाहून अधिक झाले.

शिक्षिकेचे लेखिकेत झालेले रूपांतर हे असे आहे. त्यात कोणतीही रमणीयता नाही. वर्गात शिकविणे आणि शाळेविषयी सत्य लिहिणे या दोन गोष्टी एकाच व्यक्तीला करू दिल्या जाणार नाहीत, असा निर्णय व्यवस्थेने दिला. त्यांनी दुसरी गोष्ट निवडली, एवढेच.

आता पत्रावरच पोट चालवायचे होते. मिसिसिपीच्या खोऱ्यात फिरून त्यांनी वर्गणीदार मिळविले. वर्षभराच्या आत खप १,५०० वरून ४,००० वर गेल्याचे त्यांनी नमूद केले आहे. पत्र गुलाबी कागदावर छापले जाऊ लागले. वाचता न येणाऱ्या ग्राहकाच्या हाती विक्रेते दुसरेच पत्र ठेवीत असत. रंगामुळे तो आपले पत्र ओळखू शकला. स्वतःस वाचता येत नाही, पण दुसऱ्याकडून वाचून घेण्यासाठी पत्र विकत घेतो, असा तो वाचक होता. वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखविणाऱ्या मुलीला हा वाचक नवा नव्हता.

४

९ मार्च १८९२ ही तारीख त्यांच्या जीवनाचे दोन भाग करते. मेम्फिसच्या सीमेवरील एका वस्तीत कृष्णवर्णीयांनी मिळून 'पीपल्स ग्रोसरी' नावाचे किराणा दुकान काढले होते. टॉमस मॉस, कॅल्व्हिन मॅकडॉवेल आणि विल स्टुअर्ट हे तिघे त्याच्याशी निगडित होते. मॉस हे टपालवाटप करीत; आयडा त्यांच्या मुलीच्या धर्ममाता होत्या. या दुकानामुळे तेथील एका गोऱ्या दुकानदाराची मक्तेदारी मोडली. कुरबुरी वाढत गेल्या. रात्री दुकानाच्या मागील बाजूने आलेल्या सशस्त्र गोऱ्यांवर गोळीबार झाला आणि तिघांना अटक झाली. काही दिवसांनी जमावाने त्यांना तुरुंगातून बाहेर काढले आणि गोळ्या घालून ठार केले. आयडा त्या वेळी पत्राच्या कामासाठी नॅचेझ येथे होत्या.

कायद्याला न जुमानता जमावाने केलेल्या अशा हत्येस 'लिंचिंग' म्हणतात. अलीकडे मराठीत त्यासाठी 'झुंडबळी' हा शब्द वापरला जातो. दक्षिणेत या हत्यांचे समर्थन एका ठरावीक कारणाने केले जाई. गोऱ्या स्त्रीवर बलात्कार झाल्याने लोकांचा संताप अनावर झाला, असे सांगितले जाई. आयडा यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले की तोपर्यंत त्यांचाही या कारणावर काही प्रमाणात विश्वास होता. मॉस यांच्या हत्येने तो ढासळला. येथे बलात्काराचा आरोपच नव्हता. गुन्हा होता तो दुकान चालविण्याचा. मग इतर हत्यांचे काय, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी घटनास्थळी जाऊन चौकशी सुरू केली आणि त्याच वेळी आपल्या पत्रातून लोकांना मेम्फिस सोडून पश्चिमेकडे जाण्याचा सल्ला दिला. लोक कुटुंबे घेऊन ओक्लाहोमाकडे निघाले. जे राहिले त्यांनी ट्रामवर बहिष्कार टाकला. कंपनीचे अधिकारी पत्राच्या कचेरीत येऊन मदतीची याचना करू लागले, तेव्हा शब्दाची आर्थिक ताकद त्यांना प्रत्यक्ष दिसली.

मेच्या उत्तरार्धात त्यांनी एक लहानसे स्फुट लिहिले. बलात्काराची सबब आता कोणालाच पटत नाही, आणि ती फार ताणली तर गोऱ्या स्त्रियांच्या लौकिकाविषयी भलताच निष्कर्ष निघेल, असा त्याचा आशय होता. स्फुटावर सही नव्हती. गोऱ्या वर्तमानपत्रांनी लेखक पुरुष आहे असे गृहीत धरून त्याला भीषण शिक्षा देण्याची भाषा केली. २७ मे रोजी पत्राच्या कचेरीची नासधूस झाली. सहमालक फ्लेमिंग यांना आधीच पळ काढावा लागला होता. आयडा त्या वेळी पूर्वेकडे प्रवासात होत्या. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर 'न्यूयॉर्क एज'चे संपादक टी. टॉमस फॉर्च्यून यांच्याकडून त्यांना ही बातमी कळली. परतल्यास जिवाला धोका होता. छापखाना गेला, गाव गेले, भांडवल गेले. राहिली ती वर्गणीदारांची यादी. ती देऊन त्यांनी 'एज'मध्ये भाग मिळविला आणि लिहू लागल्या.

५

जून १८९२ मध्ये 'एज'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विस्तृत लेखाच्या १०,००० प्रती काढण्यात आल्या. ५ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्क व ब्रुकलिन येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी त्यांच्या सन्मानार्थ सभा भरविली, सुमारे ५०० डॉलर जमविले आणि लेखणीच्या आकाराची सोन्याची पिन त्यांना दिली. त्या पैशांतून 'सदर्न हॉरर्स' ही पुस्तिका निघाली. मागील आठ वर्षांत झालेल्या ७२८ झुंडहत्यांपैकी केवळ एक तृतीयांश हत्यांत बलात्काराचा नुसता आरोप तरी होता, हे तीत मांडले होते. १८९५ च्या 'अ रेड रेकॉर्ड'मध्ये हीच पद्धती अधिक विस्ताराने आली. तारीख, गाव, मृताचे नाव, लावलेला आरोप अशा याद्या, त्यांची बेरीज आणि निवडक प्रकरणांचा तपशील, अशी त्या ग्रंथाची रचना आहे. आकडे त्यांनी 'शिकागो ट्रिब्यून' या गोऱ्यांच्या पत्रातून घेतले. प्रतिपक्षाचाच पुरावा त्याच्यापुढे ठेवावयाचा, म्हणजे त्याला साक्षीदार नाकारता येत नाही, ही त्यामागची भूमिका होती.

या गद्याचे वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. कृष्णवर्णीय स्त्रीने या विषयावर संतापाने लिहिले असते तर तो संताप तिच्याविरुद्धच वापरला गेला असता. त्यांनी संताप वाक्यात न आणता क्रमात आणला. एकापुढे एक नाव येत जाते, कारणांचे स्तंभ भरत जातात, आणि ज्या स्तंभात काहीही कारण नाही तोही भरत जातो. शिक्षिकेने फळ्यावर उदाहरण मांडावे आणि उत्तर वर्गाकडून काढून घ्यावे, तसे हे लेखन चालते. निष्कर्ष वाचकाच्या हाती सोपविण्यापूर्वी त्यांनी त्याला बेरीज करावयास लावलेली असते.

१८९३ आणि १८९४ मध्ये त्या ब्रिटनला व्याख्यानांसाठी गेल्या. पहिले निमंत्रण कॅथरिन इम्पी या क्वेकर स्त्रीच्या पुढाकाराने आले होते. इम्पी यांनी १८८८ मध्ये सॉमरसेट परगण्यातील स्ट्रीट या गावातून सुरू केलेल्या नियतकालिकाचे नाव 'अँटी-कास्ट' असे होते. वर्णभेदाला 'कास्ट', म्हणजे जात, हा शब्द इंग्रजी सुधारकांनी योजावा ही घटना आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वंशभेद आणि जातिभेद यांच्या साम्याची चर्चा मराठीत दलित साहित्याच्या संदर्भात पुष्कळ झाली. परंतु हे साम्य एकोणिसाव्या शतकातच शब्दांत उतरले होते आणि आयडा वेल्स यांचा आवाज अमेरिकेबाहेर पोहोचला तो त्या शब्दाच्या छत्राखाली. दुसऱ्या दौऱ्यात शिकागोच्या 'इंटर ओशन' या पत्राने त्यांची वार्तापत्रे छापली. गोऱ्यांच्या मोठ्या दैनिकात कृष्णवर्णीय स्त्रीचे असे सदर येणे ही त्या काळी असाधारण बाब होती.

१८९३ मध्येच शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले. सर्वधर्मपरिषदेमुळे आणि विवेकानंदांमुळे ते भारतीय वाचकाला परिचित आहे. त्या प्रदर्शनात कृष्णवर्णीयांना स्थान का नाही, असा प्रश्न विचारणारी पुस्तिका आयडा यांनी फ्रेडरिक डग्लस, गारलँड पेन आणि फर्डिनंड बार्नेट यांच्यासह काढली आणि प्रदर्शनास आलेल्या लोकांना वाटली. एकाच शहरात, एकाच वर्षी विश्वबंधुत्वाची भाषाही निनादत होती आणि तिच्यातून कोण वगळले गेले याची नोंदही वाटली जात होती.

६

२७ जून १८९५ रोजी त्यांचा विवाह वकील व 'कॉन्झर्व्हेटर' पत्राचे संस्थापक फर्डिनंड बार्नेट यांच्याशी झाला. पुढे त्या वेल्स-बार्नेट असे जोडनाव लावू लागल्या. 'कॉन्झर्व्हेटर'ची सूत्रे त्यांनी हाती घेतली. १८९६ ते १९०४ या काळात त्यांना चार मुले झाली. तान्ह्या मुलाला बरोबर घेऊन त्यांनी व्याख्यानांचे दौरे केले. दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर सार्वजनिक जीवनातून निवृत्त होण्याचे त्यांनी ठरविले, पण ते फार काळ टिकले नाही. स्त्रीमताधिकाराच्या चळवळीतील त्यांच्या ज्येष्ठ सहकारी सुसन अँथनी यांना विवाहामुळे त्यांचे कार्य विभागले गेले असे वाटत होते. हा आक्षेप आयडा यांना लागला. कारण घर आणि काम यांपैकी एक निवडण्याची सवड त्यांना सोळाव्या वर्षापासून कधीच मिळाली नव्हती.

पुढील काळातील लेखन घटनांच्या मागोमाग चालते. जॉर्जियातील हत्यांवर १८९९ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या दंगलीवर १९०० मध्ये, ईस्ट सेंट लुइसच्या हत्याकांडावर १९१७ मध्ये त्यांनी पुस्तिका लिहिल्या. १९०९ मध्ये इलिनॉय राज्यातील कैरो येथे एका कैद्याची झुंडहत्या झाली. राज्याच्या कायद्यानुसार शेरीफचे पद गेले. त्याने ते परत मागितले, तेव्हा आयडा यांनी स्वतः तेथे जाऊन पुरावा गोळा केला आणि राज्यपालांपुढे बाजू मांडली. शेरीफला पद परत मिळाले नाही. लेखणीने मिळविलेले इतके स्पष्ट यश त्यांच्या वाट्याला क्वचितच आले. १९१९ मध्ये अर्कान्सास राज्यात कूळ म्हणून कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी संघटना केली म्हणून रक्तपात झाला आणि बारा कृष्णवर्णीयांना फाशीची शिक्षा झाली. आयडा तुरुंगात त्यांना भेटल्या आणि त्यांच्या कथनाच्या आधारे पुस्तिका लिहिली. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यातील न्यायप्रक्रियेवर प्रतिकूल निर्णय दिला आणि अखेर सर्व बारा जण सुटले.

तथापि संघटनांच्या जीवनात त्या एकाकी पडत गेल्या. १९०९ मध्ये ज्या परिषदेतून कृष्णवर्णीयांच्या प्रगतीसाठी झटणारी राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्या चाळीस जणांच्या समितीतून आरंभी त्यांचे नाव वगळले गेले. नंतर ते घालण्यात आले. स्पष्टोक्ती, अधीरता आणि तडजोडीविषयीचा तिटकारा ही त्यांच्या लेखनाची बलस्थाने सभागृहात त्यांना अडचणीची ठरली. १९३० मध्ये इलिनॉयच्या सिनेटसाठी त्यांनी निवडणूक लढविली आणि त्या पराभूत झाल्या. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरील एका मान्यवर ग्रंथात लिंचिंगविरोधी कार्याच्या संदर्भात आपला उल्लेखही नाही, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली.

त्यापूर्वीच, १९२८ च्या सुमारास, त्यांनी आत्मचरित्र लिहावयास घेतले होते. एका तरुणीने त्यांची तुलना जोन ऑफ आर्कशी केली, परंतु त्यांनी नेमके काय केले हे तिला सांगता आले नाही. नव्या पिढीसाठी हे लिहिले पाहिजे, असे त्यांना त्यावरून वाटले. म्हणजे आत्मचरित्राची प्रेरणाही शिक्षिकेचीच होती. हे लेखन पुरे झाले नाही. शेवटच्या प्रकरणात ते वाक्याच्या मध्येच थांबते. २५ मार्च १९३१ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. कन्या आल्फ्रेडा डस्टर यांनी हस्तलिखित जपले आणि संपादित केले. ते 'क्रुसेड फॉर जस्टिस' या नावाने १९७० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनाने प्रसिद्ध केले. मधल्या जवळजवळ चार दशकांत त्यांचे नाव अभ्यासक्रमांत नव्हते. २०२० मध्ये त्यांना मरणोत्तर पुलित्झर विशेष गौरव मिळाला. झुंडहत्येला संघराज्याच्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरविणारा अधिनियम अमेरिकेत संमत झाला तो २०२२ मध्ये, म्हणजे 'सदर्न हॉरर्स'नंतर १३० वर्षांनी.

७

आयडा वेल्स यांनी कविता लिहिली नाही आणि मनातली कादंबरी मनातच राहिली. त्यामुळे वाङ्मयेतिहासात त्यांना कोठे बसवावे हा प्रश्न उरतो. पुस्तिका, वार्तापत्र, स्फुट, चौकशीचा अहवाल हे प्रकार आपण प्रायः साहित्याचे साधन मानतो, साहित्य मानत नाही. ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' या १८८२ च्या निबंधाला वाङ्मयचर्चेत स्थान मिळण्यासाठी किती काळ जावा लागला, हे आपल्याला ठाऊक आहे. निकड असलेल्या लेखकाला प्रकाराची निवड करता येत नाही. जो प्रकार उद्या सकाळी छापून वाचकाच्या हाती पडेल तोच त्याचा असतो. अशा लेखनाचे मूल्यमापन करताना भाषेची मिती, पुराव्याची रचना, वाचकाची जाण आणि संतापाचे नियमन हे निकष लावले, तर त्यातील कला दृष्टीस पडते. ती या लेखनाबाहेरून आलेली नाही. लिहिण्याच्या गरजेतूनच ती घडलेली आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांनी या जीवनाकडे आणखी एका कारणासाठी पाहावे असे वाटते. आयडा वेल्स यांना शिक्षणमंडळाने काढले ते त्या वाईट शिक्षिका होत्या म्हणून नव्हे. शाळेविषयी जे सर्वांना माहीत होते ते त्यांनी छापले म्हणून. त्यानंतर त्यांना वर्ग मिळाला नाही, परंतु वाचता न येणाऱ्या, गुलाबी कागद ओळखून पत्र घेणाऱ्या माणसापासून ब्रिटनमधील श्रोत्यापर्यंत एक मोठा वर्ग त्यांनी स्वतः उभा केला. अध्यापन आणि लेखन यांत अंतर पडते ते बहुधा बाहेरून पाडले जाते, हे या चरित्रातून दिसते. ते अंतर आपण आपल्या बाजूने मान्य करावे काय, हा प्रश्न प्रत्येक अध्यापकाने स्वतःपुरता सोडवावयाचा आहे.